दोष दुधाचा नव्हता

माय,

तुला वाचता येत नव्हतं. सोनगीरहून मावशीचं कार्ड आलं की मीच ते वाचून दाखवायची आणि तू म्हणायचीस, आणखी एकदा वाच. म्हणून आज लिहिता लिहिता मी सगळं तोंडाने मोठ्याने म्हणतेय. जळगावच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय, दुपारचे तीन वाजलेत, घरात कुणी नाही, त्यामुळे मला वेडी म्हणायलाही कुणी नाही. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. या वर्षांत तुला सांगावंसं वाटलेलं खूप काही घडलं, पण असं पोटात मावेनासं झालेलं हे पहिलंच. कुठून सुरू करू तेच समजत नाही. आधी शेवटच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही: तुझ्या नातीला मुलगा झाला, तो आता चौदा महिन्यांचा आहे, आणि तो जिवंत आहे.

आता डाळीपासून सांगते. साक्रीजवळच्या आपल्या घरात संध्याकाळी चूल पेटलेली आहे, आजी उंबऱ्याशी बसून सगळ्यांच्या ताटांवर लक्ष ठेवून आहे, आबा आणि काका उडदाच्या डाळीच्या घुट्यात भाकरी कुस्करतायत, आणि तू सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं ताट घेतेस. त्यात ज्वारीची भाकरी, ठेचा, असलाच तर वांग्याचा एखादा तुकडा. डाळ नाही. दाण्याची चटणीसुद्धा बोटाला लागेल एवढीच. सणाला पुरणाचे मांडे तू खापरावर असे पातळ करायचीस की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, पण स्वतः एक घासही खायची नाहीस. आजी विचारायची, "दाय काबर खास नही? राजानी पोर शे का तू?" तू खाली मान घालून एवढंच म्हणायचीस, "माले सोसत नही." डाळ न सोसणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजत नव्हतं. खायला न मिळणं सगळ्यांना ठाऊक होतं. समोर असून नको म्हणणं हा नखरा होता. कुणी आग्रहाने खाऊ घातलंच तर दुसऱ्या दिवशी तुझं डोकं धरायचं, तू ओकायचीस, अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचीस. त्यालाही नखराच म्हणायचे.

आणि माझे ते दोघे भाऊ. पहिला झाला तेव्हा मी चार वर्षांची होते, मला फक्त घरात वाटलेला गूळ आठवतो. दुसरा झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला सगळं आठवतं. चांगला भरलेला, लालसर, जोरात रडणारा मुलगा. दोन दिवस तो तुला अधाशासारखा प्यायला. तिसऱ्या दिवशी झोपूनच राहिला. तू त्याच्या तळव्याला टिचक्या मारत होतीस, ओठाला दूध लावत होतीस. मग त्याचा श्वास जोरजोरात चालायला लागला, छोटं कुत्रं धावून आल्यावर धापतं तसा. साक्रीहून डॉक्टर आणेपर्यंत चौथा दिवस उजाडला आणि तो गेला. पहिलाही असाच, चौथ्याच दिवशी गेला होता. त्या दिवशी ओट्यावर बायका जमलेल्या असताना आजी म्हणाली, "हिना दूधमाच जहर शे. पोर जगनी, पोऱ्या जगतस नहीत." मी, ती जगलेली पोर, खांबाला टेकून उभी होते. तू आत होतीस, पण ऐकू येण्याइतकी जवळ.

त्यानंतर आठवडाभरात तूच आजारी पडलीस. बाळ नसलं तरी बाळंतीण आहे, अंगात ताकद यायला हवी म्हणून आजीने तुला उडदाचे लाडू केले होते आणि समोर बसून खायला लावले होते. मायेनेच केलं असेल तिने, हे मी आता मान्य करते. पाचव्या-सहाव्या दिवशी तू बरळायला लागलीस. मला ओळखेनास. मला माय म्हणून हाक मारलीस आणि विचारलंस की सोनगीरची गाडी कधी आहे. बाहेरचं लागलं असं ठरलं, पलीकडच्या पाड्यावरून भगत आणला. त्याने लिंबू फिरवलं, धूप केला, आणि जाताना सांगितलं की तीन दिवस हिला गुळाचं पाणी आणि तांदळाची पेज सोडून काही द्यायचं नाही. चौथ्या दिवशी तू उठून बसलीस आणि माझी वेणी घातलीस. भगताची कीर्ती तेव्हा चार गावांत झाली. माय, मी तेवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्या भगताची गोष्ट अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून मुलांना सांगितली, आणि आता मला कबूल करावं लागतंय की त्या माणसाने नकळत अगदी बरोबर उपचार केला होता! गुळाचं पाणी आणि पेज. आजच्या डॉक्टरांनीही तुला आधी साखरेचंच पाणी दिलं असतं आणि डाळ बंद केली असती. हे समजलं तेव्हा मी हसत होते की रडत होते, मलाच सांगता येत नाही.

पण मध्ये एक दिवस सांगायचा राहिला. मला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या सकाळी तू मला गोठ्यात नेलंस. शेण भरता भरता म्हणालीस, "तुना भाऊस्नं कोनले सांगू नको. कधीच नही. लगीनमा आडं ई." तुझे मुलगे जगले नाहीत हे कळलं तर मला कोण करून घेईल, ही तुझी भीती. मी म्हटलं, लपवायचं कशाला? तेव्हा तू माझ्यावर एकदाच ओरडलीस, आयुष्यात एकदाच, आणि शेणाच्या हातानेच माझा हात धरून मला शब्द द्यायला लावलास. मी दिला. नवऱ्यालाही सांगितलं नाही, पुढे मुलीलाही नाही. तिला वाटायचं तिची आई एकुलती एक.

तर तुझ्या नातीला सोमवारी सकाळी इथे जळगावातच मुलगा झाला. तीन किलोचा, जोरात रडणारा. तिची सासू भुसावळहून आली होती, म्हणजे आमच्या विहीणबाई. जन्म रेल्वे कॉलनीत गेलेला, शब्द रोखठोक, मला थोडी धास्तीच वाटायची त्यांची. त्यांनी पेढे आणले, मी झबलं शिवलं होतं ते घातलं. मंगळवारी सगळं छान. बुधवारी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, हा उठतच नाही गं प्यायला." मी जवळ गेले. तो झोपला होता. मी त्याच्या तळव्याला टिचकी मारली, आणि माझ्या हाताला आठवलं, माझ्या डोक्याला आठवायच्या आधी.

बालरोगतज्ज्ञ एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं, रक्त काढलं, जंतुसंसर्गाची औषधं सुरू केली. मग बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना विचारलं, "घराण्यात यापूर्वी कुठलं बाळ असं पहिल्या आठवड्यात गेलंय का?" विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे नाही. मुलगी म्हणाली, आमच्याकडेही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही म्हटलं, "नाही."

तुझा शब्द होता म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या म्हणून. आपल्या मुलीला त्या घरात जन्मभर राहायचंय, आणि तिच्यावर उद्या कुणी तुझ्यासारखा आळ घेतला तर, हे माझ्या मनात आलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. काचेतून तो दिसत होता. छाती भात्यासारखी हलत होती. दीड-दोन तास मी तशी बसले असेन. मग डॉक्टर पुन्हा आल्या, हातात कागद घेऊन, आणि कपाळाला आठ्या घालून जावयांना सांगायला लागल्या, "ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. एवढा जोरात श्वास घेतोय, पण रक्तात आम्ल वाढलेलं नाही, उलट कमीच आहे. मला हे जंतुसंसर्गाचं वाटत नाही."

माय, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच वर्गातला फळा उभा राहिला. तेवीस वर्षं दर जुलैत मी त्या फळ्यावर एक चक्र काढत आले. खडूने गोल, गोलावर चार नावं, बाण आत येणारे, बाण बाहेर जाणारे. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. मीही विसरल्यासारखीच काढत होते. आणि त्या चक्राचा आपल्या घरातल्या ओट्याशी काही संबंध असेल हे मला एकदाही सुचलं नव्हतं! मी उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "डॉक्टर, मी मघाशी खोटं बोलले. माझे दोन सख्खे भाऊ गेले. दोघंही चौथ्या दिवशी, असाच श्वास चढून. मुलगेच गेले, मी राहिले. आणि माझ्या आईला डाळ सोसायची नाही." डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्या आणि मी एकदमच बोललो. त्या म्हणाल्या, "अमोनिया," आणि मी म्हणाले, "अमोनिया बघता येईल का?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "तुला भाऊ होते?" एवढंच म्हणाली. विहीणबाईंचं तोंड लाल झालं. "हे आत्ता सांगताय तुम्ही?" पण डॉक्टर तोपर्यंत सांगायला लागल्या होत्या की रक्ताचा हा नमुना बर्फात ठेवूनच न्यावा लागतो, अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर आकडा खोटा येतो, आणि आमच्याकडचा बर्फ अजून जमलेला नाही. विहीणबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. पदर खोचून त्या जिना उतरल्या, समोरच्या उसाच्या रसवंतीवर गेल्या आणि पातेलंभर फोडलेला बर्फ घेऊन वर आल्या. रसवाला मागून ओरडत होता, "मावशी, पातेलं!" जावयांनी स्कूटर काढली, मी मागे बसले, मांडीवर बर्फाचं पातेलं, त्यात ती एवढीशी नळी. जळगावच्या भर दुपारच्या उन्हात माझी साडी भिजून पाय गार पडले होते, आणि मी देवाचं नाव घेत नव्हते, मी त्या चक्रातली नावं घेत होते.

आकडा आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. असायला हवा त्याच्या कितीतरी पट. पण त्यांनी वाट पाहिली नव्हती. नमुना निघताच दूध बंद केलं होतं आणि शिरेतून साखरेचं पाणी सुरू केलं होतं. रक्त धुवायची सोय नाशिकला होती, म्हणून चार वाजता आम्ही रुग्णवाहिकेतून निघालो: तो, एक परिचारिका, जावई आणि मी. पारोळा मागे पडलं, धुळं आलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

धुळ्यात मला तू दिसलीस. मी बी.एस्सी.ला वसतिगृहात राहायची तेव्हा तू एकटी एस.टी.ने मला भेटायला आली होतीस, फडक्यात भाकरी आणि एक फणी केळी घेऊन. मी तुला मेसमध्ये जेवायला नेलं. तू वरणाची वाटी बाजूला सारलीस आणि माझ्या मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. मला लाज वाटली. नुकतीच प्रथिनं शिकले होते ना! सगळ्यांसमोर तुला शिकवायला लागले: डाळीने शरीर बांधलं जातं, तू खात नाहीस म्हणून तू अशी वाळकी, शिकलेली असतीस तर समजलं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि ती वाटी पूर्ण प्यायलीस. माझ्यासाठी. स्टँडवर गाडीची वाट बघताना तू खांबामागे जाऊन ओकलीस, आणि परत येऊन म्हणालीस, उन्हाने झालं. पुढे मी तुझ्या नातीलाही अशीच डाळ कोंबत राहिले. तीही ताटात डाळ ठेवायची आणि मी, जीवशास्त्राची बाई, तिला रागवायची.

आता तुला ते चक्र सांगते. जरा धीर धर, सोपं करून सांगते, मला ते येतं. आपण तेल खाल्लं, भात-भाकरी खाल्ली, तर जास्तीचं शरीर चरबी करून ठेवून देतं. पण डाळीचं, दुधाचं तसं नाही. त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांना अमायनो आम्लं म्हणतात. लागतील तेवढी अंग बांधायला वापरली की उरलेली साठवायला शरीरात कोठीच नाही. मग यकृत त्यांचं जळण करायला घेतं, आणि त्याआधी त्यांच्यातला नायट्रोजनचा भाग काढून टाकतं. त्या काढलेल्या भागाचा होतो अमोनिया. तो तुला चांगला ओळखीचा आहे. पावसाळ्यात गोठा रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडलं की नाकाडोळ्यांत झोंबायचा तो. तसला वायू रक्तात फिरला तर आधी मेंदूलाच झोंबतो. म्हणून यकृतात एक अफाट सोय आहे. ऑर्निथिन नावाचा एक रेणू असतो. त्याच्यावर अमोनियाचा एक भार चढतो, तो सिट्रुलिन होतो. पुढे नायट्रोजनचा आणखी एक भार चढतो, मग तो आर्जिनिन होतो. आणि मग दोन्ही भार एकत्र बांधून तो खाली टाकतो, त्याचं नाव युरिया, आणि स्वतः पुन्हा ऑर्निथिन होऊन पहिल्या जागी येऊन उभा! तोच पुन्हा, तोच पुन्हा, खर्च होतच नाही. युरिया पाण्यात विरघळतो, कुणाला झोंबत नाही, मूत्रपिंडातून निमूट बाहेर जातो. आणि तो युरिया म्हणजे तू ओटीत घेऊन कपाशीच्या बुंध्याशी टाकायचीस तोच, माय! गोणीतला पांढरा दाणेदार युरिया. कारखान्यात करतात तोच पदार्थ आपलं यकृत रोज, न सांगता, करत असतं.

आपल्या घराण्यात बिघाड आहे तो पहिल्या भारापाशी. तो भार ऑर्निथिनवर चढवणारा जो मदतनीस आहे, त्याचं नाव इतकं लांब आहे की तू पदर तोंडाला लावून हसली असतीस: ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज. तो घडवायची जी चिठ्ठी शरीरात असते, ती बायकांमध्ये दोन प्रतींत असते आणि पुरुषांमध्ये एकाच प्रतीत. तुझी एक प्रत चांगली, एक बिघडलेली. म्हणून तुझ्या यकृताच्या काही पेशी काम करायच्या, काही नाही. थोडी डाळ चालली असती, वाटीभर नाही. "माले सोसत नही" हे तू अगदी खरं, मोजून मापून खरं सांगत होतीस. आणि मुलांच्या वाट्याला ती एकुलती एक प्रत आली, ती बिघडलेली.

नाशिकला बाळाचं रक्त धुतलं जात असताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला हे सगळं समजावलं. मी बाई आहे, शिकवते, म्हणून ते भरभर बोलत होते आणि मी भरभर विचारत होते. सोडियम बेंझोएट देतायत म्हणाले. मी म्हटलं, सरबत आणि लोणचं टिकवायला घालतात ते? ते हसले. तेच, औषधाच्या शुद्धतेचं. यकृताचा रस्ता बंद असेल तर ते त्याच नायट्रोजनला दुसऱ्या वाटेने लघवीतून बाहेर काढतं. मला नाचावंसं वाटलं. चौथ्या दिवशी, माय, चौथ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले आणि परिचारिकेचं बोट धरलं.

मग मी विचारलं, जे मला खरं विचारायचं होतं. म्हटलं, डॉक्टर, माझे भाऊ जन्मले तेव्हा इतके चांगले का होते? बिघाड तर पोटातही असणारच. ते म्हणाले, "पोटात असताना बाळाचा अमोनिया वारेतून आईकडे जातो. तिचं यकृत तो साफ करतं. नाळ कापली की बाळ एकटं पडतं." मी पुन्हा विचारलं, आईचं यकृत स्वतःच अर्धं चालत असेल तरी? ते म्हणाले, "तरीही. तेवढ्यावरच ती दोघांचं काम करते."

माय, ऐकलंस ना? नऊ महिने तूच ते काम करत होतीस. स्वतःचं आणि त्यांचंही. अर्ध्या ताकदीच्या यकृतावर, शेतात निंदणी करत, आजीची बोलणी खात. त्या दोघांना जो काही जन्म मिळाला, ते लालसर गाल, ते जोरात रडणं, तो सगळा तुझ्या अंगाने दिलेला होता. दूध तुझंच काय, जगातल्या कुठल्याही बाईचं असतं तरी त्यांना सोसलं नसतं. मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि कॉरिडॉरमध्ये विहीणबाईंना सगळं सांगून टाकलं, थांबताच येईना. त्या जळगावहून मुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला कुणी एक शब्द बोललं तर माझ्याशी गाठ आहे." आणि मग, "तुमच्या आईला कुणी असं म्हणणारं नव्हतं का?" मी म्हटलं, नव्हतं.

डॉक्टरांना वंशावळ हवी होती, म्हणून बाळ घरी आल्यावर मी सोनगीरला गेले. मावशी अजून आहे, किल्ल्याच्या बाजूच्या त्याच घरात, ऐकायला कमी येतं पण डोकं शाबूत. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तुमच्या मायचं काही आठवतं का? ती म्हणाली, "आमनी मायबी दाय खाये नही. बठ्ठा हासेत तिले." म्हणजे तिलाही सगळे हसायचे. आणि मग, मी न विचारता, "दोन पोरे गयात तिना." मी वहीतल्या वंशावळीत त्या दोन मुलग्यांचे दोन चौकोन काढले आणि त्यांवर काट मारली. मग तिला सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, गोठ्याच्या वासापासून. ती माझं मनगट धरून म्हणाली, "म्हणजे ते पोरे अक्काना दूधमुळे नही गयात?" मी म्हटलं, नाही मावशी. "अक्कानी काहीच चूक नव्हती?" नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चेहरा मात्र हसरा. म्हणाली, "आते हाई अक्काले कोन सांगी वं?" त्याच दिवशी मी ठरवलं की मीच सांगणार. लिहायला वर्ष गेलं.

बाळाचं पुढचं तुला खोटं गोड करून सांगत नाही. त्याला सगळं मोजून द्यावं लागतं. डाळीचं पाणी चमच्याने, खास दुधाची भुकटी, दिवसातून चारदा औषध, साधा ताप आला तरी धावपळ. केळं मात्र भरपूर चालतं, आणि तो ते दोन्ही हातांनी चेहऱ्यावर फासतो. थोडा मोठा झाला की यकृताचा तुकडा बसवायचं ठरतंय. जावई म्हणतात माझा घ्या, त्यांच्या तपासण्या सुरू आहेत. चालायला जरा उशीर झाला, पण परवा सोफ्याला धरून तीन पावलं टाकली. माझंही रक्त तपासलं. माझ्यातही ती बिघडलेली प्रत आहे, पण माझ्या वाट्याला चांगल्या पेशी जास्त आल्या असाव्यात. या जुलैत वर्गात चक्र काढलं तेव्हा मी आधी तुझी गोष्ट सांगितली, तास संपल्याची घंटा झाली तरी एकही मुलगी उठली नाही.

तुला दिलेला शब्द मी मोडला. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, तूही मागू देणार नाहीस. दुसरंच एक आहे. मघापासून मी आजीबद्दल इतकं लिहिलं, ओट्यावरच्या बायकांबद्दल लिहिलं, जणू त्या एकीकडे आणि आपण दोघी एकीकडे. दुसरा भाऊ गेला त्या पावसाळ्यात तू मला रोज सकाळी गायीचं दूध गरम करून पेल्यात द्यायचीस, माझ्या अंगात ताकद यावी म्हणून. मी आठ वर्षांची होते आणि आजीचं ते वाक्य ऐकलं होतं. गायीचं असलं तरी ते तुझ्या हातून येत होतं. मी पेला घेऊन परसात जायची आणि दूध उकिरड्यावर ओतून द्यायची. सगळा पावसाळाभर. तू चुलीपासून विचारायचीस, "पिधं का?" आणि मी ओठ पुसत आत येऊन म्हणायची, हो.